एकाच पिशवीत बीटी आणि साधा मका, अळीचं फावतं का?

प्रश्न: अमेरिकेत बीटी मक्याच्या पिशवीतच ५ टक्के साधं बियाणं मिसळून विकतात असं वाचलं. अळी मारायला बीटी लावायचा आणि वर साधा मकाही घालायचा, हे काय गौडबंगाल? आणि बाजूला वेगळा पट्टा लावला तर जास्त चांगलं नाही का?
(कृषी पदवीचा विद्यार्थी)

उत्तर: साधा मका लावतात तो काही अळ्या जगाव्यात म्हणूनच, ऐकायला विचित्र वाटतं पण खरंय. बीटी मका म्हणजे एका जिवाणूचं जनुक घातलेला, स्वतःच अळीचं विष बनवणारा मका. त्यातलं हे विष, म्हणजे क्राय प्रोटीन, पोटात गेलं की अळीच्या आतड्याला भोकं पडतात, पण क्वचित एखादी अळी त्याला पुरून उरते, आणि सगळं शेत बीटीचं असेल तर शेवटी अशाच उरणार, त्यांचीच आपसात जोडी जमणार. साध्या मक्यावरून साधे पतंग भरपूर निघाले तर त्या चिवट पतंगाची जोडी बहुतेक साध्याशीच जमते, पिल्लांना चिवटपणाचं जनुक एकाच बाजूने मिळतं आणि डोस तगडा असेल तर ती मरतात. सगळी भिस्त या 'तगड्या डोस'वर आहे.

तिकडे बीटी मका १९९६ पासून आहे. मका पिकवणाऱ्या मुख्य भागात एकच विष असलेल्या वाणासाठी २० टक्के साधा मका वेगळा लावायचा नियम होता, पण बरेच शेतकरी तो लावायचेच नाहीत, कोण मुद्दाम किडीला जेवायला घालणार! म्हणून २०१० पासून मिसळलेल्या पिशव्यांना परवानगी मिळायला लागली. माणसाचा आळस त्यातून सुटला पण किडीचं चालणं-फिरणं कसं सुटणार?

कारण अळी एका झाडाला चिकटून बसत नाही. साध्या झाडावर थोडी मोठी झाली आणि मग शेजारच्या बीटीवर गेली तर मोठ्या अळीला तेवढं विष पुरत नाही, उलट बीटी चाखून साध्यावर पळाली तर अर्धवट डोस बसतो. दोन्हीकडे एका बाजूने जनुक मिळालेल्या अळ्या, ज्या मरायला हव्या होत्या, त्या वाचू शकतात. शिवाय ज्यांना जगवायचं त्या साध्या अळ्याही बीटीवर जाऊन मरतात, म्हणजे ५ टक्क्यांतूनही पतंग कमीच निघतात.

कणसात तोंड घालणाऱ्या अळीचं तर आणखी वाईट, कारण मक्याचे परागकण वाऱ्यावर उडतात. चारी बाजूंनी बीटी असताना साध्या झाडाच्या कणसावर बीटीचेच परागकण जास्त पडणार, आणि संकरित बीटीत जनुकाची एकच प्रत असली तर निम्म्या परागकणांत ते असतं. मग एकाच कणसात काही दाणे विषारी, काही साधे, आणि वाणात दोन विषं असून त्यांची जनुकं दोन वेगवेगळ्या जागी बसवलेली असतील तर काहींत एक विष, काहींत दोन्ही. साधं झाड आता साधं राहतच नाही. तिकडच्या कपाशी पिकवणाऱ्या भागात ही अळी जास्त, म्हणून तिथे मिसळलेली पिशवी वापरली तरी २० टक्के वेगळा पट्टा लागतोच, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

ज्याची अळी मक्याची मुळं खाते त्या भुंगेऱ्याचं मात्र उलट. त्याची मादी बाहेर आली की बहुतेक वेळा तिथेच आसपास जोडी जमवते, त्यामुळे लांबच्या पट्ट्यापेक्षा शेजारचं साधं झाड बरं. पण त्याच्यासाठी बीटीचा डोस मुळात तगडा नाही, त्यामुळे नुसत्या मिसळण्यावर भागत नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात २००९ मध्ये ज्या शेतांत या किडीने मुळांचं नुकसान केलं तिथे क्राय ३बीबी१ या बीटी विषाला ती दाद देत नसल्याचं सिद्ध झालं आणि २०११ ला ते छापून आलं, तिथे वर्षानुवर्षं त्याच विषाचा मका लावलेला होता.

प्रश्न: मग पिशवीत साधं बियाणं ५ ऐवजी २० टक्के केलं तर?

उत्तर: पतंग वाढतील आणि परागकणांचा त्रास थोडा कमी होईल, पण नुकसानही वाढेल आणि अळीचं या झाडावरून त्या झाडावर जाणं काही थांबणार नाही. खोड आणि कणीस खाणाऱ्या किडीसाठी सलग पट्टाच बरा, आणि भुंगेऱ्यासाठी मिसळ चालेल पण मक्यावर मका घेऊ नका.