सुटका करून आणलेल्या मुलींना मोफत शिवणकाम शिकवायचं आहे. सुरुवात कुठून करू?

तुमचा स्वतःचा शिवणक्लास आहे, आठवड्यातले दोन दिवस मोकळे आहेत आणि कुंटणखान्यातून सोडवलेल्या मुलींना पायावर उभं करायचंय, असं तुम्ही लिहिलंय. मी पाच वर्षं पुण्यात हेच केलं. शिकवायला जरूर जा. पण ब्लाऊज शिवता आला की मुलगी पायावर उभी राहते, हे डोक्यातून काढून टाका. माझ्या डोक्यातून ते एका मुलीने काढलं.

२०१८ सालची गोष्ट. मुलगी वीस वर्षांची, बंगालमधल्या दक्षिण चोवीस परगण्यातली. लग्न करतो म्हणून एकाने आणलं आणि इथे विकलं. धाडीत सुटली, मॅजिस्ट्रेटपुढे गेली, घरच्यांच्या चौकशीचा अहवाल आला आणि मी शिकवायला जायचे त्या संस्थेत वर्षभर ठेवायचा हुकूम झाला. अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली एक ते तीन वर्षं असं ठेवता येतं. आणणारा तोवर जामिनावर सुटलेला आणि ही कुलपाच्या आत.

शिवणात तिचा हात काही बसेना. मुंढा कापायला घेतला की कापड वाया गेलंच म्हणून समजा. हिशेब मात्र तोंडावर. एक दिवस तिने मला विचारलं, "टीचर, फॉल-पिकोचे किती मिळतात?" मी म्हटलं, साठ रुपये. फॉल आणि दोरा वजा करून हातात चाळीस राहतात. मग खोलीचं भाडं विचारलं. हडपसरला साधी खोली चार हजार, मी म्हटलं. ती लगेच म्हणाली, "म्हणजे शंभर साड्या नुसत्या भाड्याच्या. मला शंभर साड्या कोण आणून देणार?"

वर्गात अकरा जणी होत्या. सगळ्यांनी मशीन थांबवून माझ्याकडे बघितलं. माझ्याजवळ उत्तर नव्हतं. माझ्या दुकानाला गल्लीतल्या बायका पंचवीस वर्षांपासून ओळखतात, म्हणून माझं पोट त्यावर चाललं. या मुलींना त्या गल्लीत कोण ओळखणार होतं? आणि ओळखलं, तर काय म्हणून ओळखणार होतं?

वर्ग सुटल्यावर ती मागे थांबली. "मला मशीन नको. आधार काढून द्या." तिची कागदपत्रं विकणाऱ्याने ठेवून घेतली होती. आधार नाही म्हणजे सिमकार्ड नाही, बँकेत खातं नाही, कुणी भाड्याने खोली देत नाही. मी अधीक्षिका मॅडमकडे गेले. उत्तर मिळालं, "गावी गेली की तिकडे निघेल. तुम्ही शिवण बघा."

त्याच महिन्यात संस्थेचा वार्षिक कार्यक्रम होता. देणगीदार येणार म्हणून पाच मुलींनी तोंडाला ओढणी बांधून स्टेजवर यायचं ठरलं. मुलींची समजूत घालायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते केलं. त्या ओढण्याही मीच शिवल्या. ती एवढंच म्हणाली, "तोंड झाकायचंय तर बोलावता कशाला?" तरी गेली, माझ्यासाठी. त्याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही.

मग भरपाईचा अर्ज. बहुतेकांना हे माहीतच नसतं. अशा मुलीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे नुकसानभरपाई मागता येते. खटल्याचा निकाल लागेपर्यंत थांबावं लागत नाही, अंतरिम रक्कमही मागता येते. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३५७अ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ३९६ आहे. विधी सेवेच्या वकीलबाईंनी फॉर्म आणून दिला, मी भरायला मदत केली. मॅडमनी पुढे पाठवला नाही. म्हणाल्या, "एवढा पैसा हातात आला तर परत त्याच माणसाकडे पळेल. या मुलींना स्वतःचं भलं कळत नाही."

मॅडम हे वाचणार नाहीत, तरी लिहिते. लैंगिक अत्याचार सोसलेल्या बायकांसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०१८ साली जी योजना केली, तिच्यात सज्ञान बाईच्या रकमेतले ७५ टक्के किमान तीन वर्षं मुदत ठेवीत राहतात आणि २५ टक्के तिच्या हातात येतात. उधळेल ही भीती योजना करणाऱ्यांनी आधीच लक्षात घेतली होती. राहिलेला तो निव्वळ अविश्वास.

आणि भलं कळत नाही म्हणे! १९९६ च्या फेब्रुवारीत कामाठीपुऱ्यात मोठ्या धाडी पडल्या. सोडवलेल्यांत नेपाळच्या मुली शेकड्याने होत्या. नागरिकत्वाचे कागद नाहीत म्हणून त्यांच्या सरकारने त्यांना घ्यायला काचकूच केली आणि त्या कित्येक महिने मुंबईतल्या संस्थांत अडकल्या. नेपाळला परतल्यावर त्यांतल्याच काहीजणींनी 'शक्ती समूह' काढला. चारिमाया तामांग त्यांतल्या एक. २०१३ साली त्या संघटनेला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांना शिवण कुणी शिकवलं होतं का, मला ठाऊक नाही. पण आपलं भलं त्यांना पुरेपूर कळत होतं.

२०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तीन सज्ञान मुलींना त्यांच्या मर्जीविरुद्ध संस्थेत ठेवता येणार नाही, असा निकाल दिला. तो निकाल आला तेव्हा मला आमच्याच मुलीची आठवण झाली. ती वर्ष भरल्यावर २०१९ ला गावी गेली, आधार तिकडेच काढलं, मोबाईलच्या दुकानात लागली. आता तिकडच्या अशाच मुलींच्या गटात आहे. भरपाईचे अर्ज स्वतः भरून देते. दुर्गापूजेला फोन करते. तिचा स्वतःचा अर्ज मात्र मॅडमच्या कपाटातच राहिला.

सगळ्या संस्था अशा नसतात, हे मी आधीच लिहायला हवं होतं. रात्ररात्र मुलींजवळ बसणाऱ्या काळजीवाहक बायका मी पाहिल्यात, आणि काही मुलींना बाहेर खरंच धोका असतो. शिवणही वाया जात नाही. माझ्या वर्गातल्या दोघी आज त्यावरच पोट भरतात, त्यांना ते मनापासून आवडत होतं म्हणून. तेव्हा पहिल्या दिवशी विचारा, काय शिकायचंय. मोबाईल दुरुस्ती म्हणाल्या तर ते शिकवणारा माणूस शोधा, तुमचे दोन दिवस त्यात गेले तरी चालतील.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर, जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या. अठराखालच्या मुली असतील तर बालकल्याण समितीलाही विचारावं लागतं. फोटो काढू नका, अल्पवयीन मुलीची ओळख उघड करणं गुन्हा आहे. गाव, घर, कशी आलीस, यातलं काही विचारू नका. सांगायचं असेल तर काज-बटण करताना ती आपणहून सांगते.

आणि वर्ग सुटताना कात्र्या मोजून द्यायला सांगतील. आमच्या मॅडम दारात उभ्या राहून मोठ्याने मोजायच्या आणि आकडा जुळेपर्यंत मुली रांगेत खाली मान घालून उभ्या असायच्या. तुम्ही कात्र्या जरूर मोजा, पण मुली जेवायला गेल्यावर मोजा.