लहानपणी घरातच छळ सोसलेल्या माणसाने अँड्र्यू वॅक्स वाचावा का?

वाचा, पण कादंबरीपासून सुरुवात करू नका. तुम्ही लिहिलंय की घरातल्याच माणसाने छळलं आणि आता सगळे माफ कर म्हणून मागे लागलेत, तर आधी वॅक्स या अमेरिकन कादंबरीकाराचा १९९४ मध्ये परेड या साप्ताहिकात आलेला मानसिक छळावरचा लेख वाचा, इंग्रजी सोपं आहे. बरं व्हायचं तर छळणाऱ्याला माफ करावंच लागतं हे साफ खोटं आहे असं तो त्यात सरळ सांगतो.

माझ्या बाबतीत वडील होते. अंगावर वळ कधीच नव्हते, फक्त रोज उठून "तुझ्याच्याने काय होणारे" ऐकायचं, त्यामुळे कुणाला सांगायचं तरी काय. आणि मावशी भेटली की हमखास, "अगं आता थकलेत ते, मोठ्या मनाने सोडून दे", मी मान डोलवायचे आणि मग रात्रभर वाटत राहायचं की आपलंच मन कोतं.

हे एका वकिलाने लिहिलंय म्हणून मला जास्त पटलं. न्यूयॉर्कचा हा माणूस (१९४२-२०२१) फक्त मुलांच्या केसेस घ्यायचा, त्याआधी हिंसक गुन्हे केलेल्या पोरांची बंदिस्त संस्था चालवलेली. कोर्टात आधी जबाबदार कोण ते ठरतं, दयामाया नंतर. घरात मात्र जबाबदारीचं नाव कुणी काढत नाही आणि माफी तेवढी लगेच हवी असते, तीही ज्याने सोसलं त्याच्याकडून!

कादंबऱ्या १९८५ पासूनच्या. कोर्टातल्यापेक्षा मोठी ज्युरी हवी होती म्हणून लिहितो असं तो म्हणायचा. नायक बर्क, जन्मदाखल्यावर नुसतं 'बेबी बॉय बर्क', बापाचा पत्ता नाही, सरकारी संस्थांमध्ये मार खात वाढलेला. तो कायदा धाब्यावर बसवून हिशेब चुकते करतो, ते मला सगळं पटत नाही, पण रक्ताचं कुणी नसताना त्याने जोडलेलं कुटुंब, चायनीज हॉटेल चालवणारी 'मामा' नावाची बाई, न बोलणारा मॅक्स, हे एकमेकांसाठी ज्या पद्धतीने उभे राहतात ना, त्यासाठी मी ती पुस्तकं परत परत काढते.

हिंसा भरपूर आहे आणि विषय मुलांवरच्या अत्याचाराचा, काही झाकून लिहिलेलं नाही. थेरपी चालू असेल तर काउन्सेलरच्या कानावर घालून मगच कादंबरी हातात घ्या.