कोल्हापुरात अग्निशमन दलावर नागरिकांची देखरेख कमिटी असते का? गाडी उशिरा आली तर विचारायचं कुणाला?

अशी वेगळी कमिटी आपल्याकडं नाही भावा. फायर ब्रिगेड म्हणजे महापालिकेचंच एक खातं, वरती आयुक्त, आणि नागरिकांच्या बाजूनं विचारणारा म्हणजे नगरसेवक, त्यानं सभेत प्रश्न टाकला तर खात्याला उत्तर द्यावं लागतं, आता तो टाकतोय का हा वेगळा विषय 😅

पण खरं हत्यार माहिती अधिकार. १० रुपयांची फी, ३० दिवसांत उत्तर. फक्त "गाडी का उशिरा आली" असं विचारू नका, "का" ला उत्तर मिळत नाही, कागद मागा. १०१ वर फोन केला की त्याला वर्दी म्हणतात, तिची रजिस्टरला नोंद होते, तर अमुक तारखेच्या वर्दीची वेळ, गाडी स्टेशनातनं कधी सुटली, कधी पोचली, ह्या नोंदीची प्रत मागायची. उशीर कुठं झाला ते आकड्यातनंच कळतंय, बऱ्याचदा तो ट्रॅफिकमध्ये नाहीतर गल्लीतल्या आडव्या लावलेल्या गाड्यांमुळं असतोय म्हणा.

आणि सगळं त्यांच्यावर ढकलून पण चालत नाही. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यात बिल्डिंगची आग विझवायची यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालकाची नाहीतर वापरणाऱ्याची, लायसन्सवाल्या एजन्सीकडनं तपासून जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, द्यायचा असतोय. ऑगस्ट २०२४ ला केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तवा सगळं कोल्हापूर हळहळलं, पण आपल्या अपार्टमेंटचा फॉर्म बी कुठाय हे सेक्रेटरीला किती जणांनी विचारलं?