बदकं सगळी सारखीच दिसतात हो!

प्रश्न : ताई, दिवाळीच्या सुट्टीत आमच्या ग्रुपबरोबर नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात गेले होते. गाईडदादा भराभर सांगत होते : तो गडवाल, ती पिनटेल, पलीकडे शॉव्हेलर. मला चापडगावच्या मनोऱ्यावरून नुसती तपकिरी बदकं दिसली. पुस्तकात तर नर किती रंगीत दाखवलेत! परतताना बाकीच्यांच्या याद्या पन्नासच्या पुढे आणि माझी जेमतेम बारापर्यंत. दुर्बीण बदलू की डोळे?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : दोन्ही राहू द्या, तारीख बदला. विणीचा हंगाम संपला की तिकडे उत्तरेत नर बदकं उडायची पिसं एकदमच टाकतात. काही आठवडे त्यांना उडता येत नाही. तेवढ्या काळात झळाळता रंग अंगावर असणं म्हणजे शिकाऱ्याला आमंत्रणच. म्हणून ते मादीसारखा मळकट वेश घेतात, आणि त्यातले बरेचसे तोच वेश घेऊन आपल्याकडे उतरतात. रंगीत पिसं हिवाळ्यात हळूहळू येतात. थापट्याच्या, म्हणजे तुमच्या शॉव्हेलरच्या नराला तर फारच उशीर लागतो. जानेवारीत त्याच मनोऱ्यावर जा. हिरवं डोकं, पांढरी छाती, विटकरी कूस सगळं जागेवर असेल. तुमच्या दादांना ऑक्टोबरातही ओळखू येतात, कारण ते रंगाकडे बघतच नाहीत.

मग बघायचं काय? आधी बदक नसलेले बाजूला काढा. काळाकुट्ट, कपाळावर पांढरा टिळा, पोहताना मान पुढेमागे हलवणारा तो वारकरी. नांदूरला त्याचे थवेच्या थवे असतात आणि नवखी माणसं त्यालाच बदक समजून मोजत बसतात. ते वगळलेत की निम्मी गर्दी कमी.

नंतर हळदीकुंकू शोधा. हे बदक आपल्याकडे बारा महिने राहतं. चोचीचं टोक पिवळं, बुडाशी लाल ठिपके, नाव विसरायची सोयच नाही. साधारण दोन फुटांचं हे बदक तुमची मोजपट्टी. त्याच्या शेजारी अगदीच लहानखुरं, सव्वा फुटाच्या आसपासचं काही दिसलं तर टील किंवा भुवई बदक असावं. भुवई बदकाच्या नराच्या डोळ्यावरून मानेपर्यंत जाणारा रुंद पांढरा पट्टा त्याचा वेश आला की लांबूनही दिसतो. लांब सडपातळ मान आणि मागे टोकदार शेपूट असेल तर तलवार बदक, म्हणजेच पिनटेल. गडवालचा नर लांबून करडा दिसतो, पण बूड काळं आणि पंखावर छोटा पांढरा चौकोन. हा चौकोन मादीलाही असतो, फक्त पंख मिटलेला असला की कधी दिसतो, कधी नाही.

आणि चोच! चोचीचा आकार कुठल्याही ऋतूत बदलत नाही. थापट्याची चोच डोक्यापेक्षा लांब, टोकाला फावड्यासारखी पसरट. चोचीच्या कडांना आतून बारीक दाते असतात, पाणी बाहेर आणि त्यातले जीव, बिया आत. पुढच्या वेळी एका थव्यावर दुर्बीण लावून पाच मिनिटं हलू नका. ते एकमेकांच्या मागोमाग गोल गोल फिरायला लागतात, चोची पाण्यात, डोकं वर काढायचं नावच नाही. पुढच्याच्या पायांनी ढवळलेलं मागचा गाळून खातो. हे एकदा नीट बघितलंत की थापट्या तुम्हाला पाठमोराही ओळखू येईल.

शेपटीकडेही लक्ष ठेवा. वर उचललेली असेल तर उथळ पाण्यात डोकं बुडवून चरणारं बदक. ते उडतं तेही जागेवरून सरळ वर. शेपूट पाण्याला टेकलेली आणि पक्षी मध्येच गडप होत असेल तर ती लालसरीसारखी बुडी मारणारी मंडळी. त्यांना उडायला पाण्यावरून धावावं लागतं. गोदावरी-कादवेच्या संगमावरचा नांदूरचा बंधारा ब्रिटिश काळातला, त्यामागे गाळ साचून पाणी उथळ झालंय. म्हणून तिथे डोकं बुडवून चरणाऱ्यांची चंगळ.

दुर्बीण ८×४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची असेल तर उत्तम. दहापटीच्या मागे लागू नका, हात थरथरला की ती जास्तीची दोन पटं वाया जातात. लांबच्या थव्याला गाईडचा स्कोप, म्हणजे तिकाटण्यावरची एकनळी दुर्बीण आहेच. सूर्य मात्र पाठीशी हवा, समोरून उन्हाची तिरीप आली की तज्ज्ञांनाही काळी ठिगळंच दिसतात.

राहिली यादी. मनोऱ्यावर दहा मिनिटं टेकून पुढच्या ठिकाणी पळणाऱ्या ग्रुपची यादी लांबतेच. त्यातल्या किती नावांपुढे त्यांनी स्वतः पक्षी पाहिलाय, हे एकदा प्रेमाने विचारून बघा.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या सहलीत एका काकांनी उडत्या थव्याचा फोटो हवा म्हणून पाण्यात दगड टाकला. सगळे हसले. मी गप्प बसलो, ते वयाने मोठे आहेत. बोलायला हवं होतं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : चारचौघांत वडीलधाऱ्यांना टोकणं आपल्याकडे जडच जातं. तुम्हाला मी दोष देणार नाही, ते काम ग्रुप नेणाऱ्याचं होतं. तोही हसला असेल तर पुढच्या वेळी त्याच्याबरोबर जाऊ नका.

बरीच बदकं रात्री चरतात आणि दिवसा पाण्यावर विश्रांती घेतात. आपल्याला ती ‘नुसती बसलेली’ वाटतात. फेब्रुवारी-मार्चात परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी चढवायची असते, तेव्हा फुकटचं प्रत्येक उड्डाण त्या शिलकीतून जातं. मी ग्रुप नेते तेव्हा गाडीतच बजावते : बदकांनी माना ताठ केल्या की तुम्ही आहात तिथे थांबायचं, ती काठापासून दूर सरकू लागली की दोन पावलं मागे. आणि उड्डाणाचा फोटो फुकटात मिळतो हो. मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी पाणकणसावरून तरंगत आला की अख्खं पाणी उठतं. काकांना म्हणावं, कॅमेरा तयार ठेवून त्याची वाट बघा.

प्रश्न : पट्टकादंब हंसांच्या थव्यात एकाच्या गळ्यात रंगीत पट्टी होती, तिच्यावर अक्षरं. कोणाला कळवायचं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला. पट्टीचा रंग, अक्षरांचा रंग, अक्षरं-आकडे वरून खाली की खालून वर, पायात कडं असेल तर डाव्या की उजव्या, तारीख, गाव आणि फोटो, धूसर असला तरी चालेल. मंगोलियात अशा पट्ट्या घातलेले पट्टकादंब भारतात दिसलेले आहेत, म्हणजे तुमचा पाहुणा हिमालय ओलांडून आलेला असू शकतो. एखादं अक्षर वाचता आलं नसेल तर तिथे प्रश्नचिन्ह टाका, अंदाजाने भरू नका.

प्रश्न : आईचे गुडघे गेलेत, पण तिला रोहित, म्हणजे फ्लेमिंगो बघायचेत. नेता येईल?
– एक वाचक, बारामती

उत्तर : खुशाल न्या, आणि भिगवणलाच न्या. कुंभारगाव, डिकसळच्या बाजूला उजनीच्या फुगवट्यात मच्छीमार स्वतःच्या होडीतून पक्षी दाखवतात, चालायचं काम जवळजवळ नाही. धरणाचं पाणी ओसरून चिखल उघडा पडू लागला की रोहितांची गर्दी वाढते, तेव्हा फेब्रुवारीच्या आसपासचा दिवस धरा. निघायच्या आदल्या दिवशी होडीवाल्याला फोन करून पाणी कुठवर आहे ते विचारा. होडीत चढताना आईला दोन्ही बाजूंनी धरायला माणसं हवीत, बसायला जाड उशी न्या आणि पहाटेच्या गारठ्यासाठी कानटोपी. होडीवाल्याला आधीच सांगून ठेवा, थव्याच्या अगदी जवळ नेऊ नको. जेवणाची काळजी नको, गावात चिलापीचं कालवण आणि भाकरी मिळते. आई शाकाहारी असेल तर तेवढं सकाळीच सांगा, पिठलं होतं.