सुपारी फुटण्याआधी

गेल्या अंकात मी ‘मिकी ब्लू आइज’ या १९९९ च्या सिनेमाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. या वेळची बरीच पत्रं त्यावरच आली आहेत. ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. न्यूयॉर्कच्या एका लिलावघरात काम करणारा इंग्रज तरुण मायकल शाळेत शिकवणाऱ्या जीनाला लग्नाची मागणी घालतो आणि ती नकार देते. तिचं त्याच्यावर प्रेम आहे, पण वडील आणि त्यांचा सगळा गोतावळा माफियातला. या घरात आला की हा माणूस बिघडणार, ही तिची भीती. पुढे तसंच होऊ लागतं, आणि आपण हसत हसत ते बघत राहतो.

ताई, यातला सासरा म्हणजे ‘गॉडफादर’मधलाच नट ना? आणि आपला ‘वेलकम’ यावरूनच बेतलाय का? (एक वाचक, कराड)

हो, तोच. जेम्स कान. १९७२ च्या ‘गॉडफादर’मध्ये तो थोरला मुलगा सनी होता आणि त्या कामासाठी त्याला ऑस्करचं नामांकनही मिळालं होतं. त्यामुळे इथे तो नुसता दारात उभा राहिला तरी जावयाच्या पोटात गोळा येतो आणि आपल्याला ते पटतं.

२००७ च्या ‘वेलकम’मध्येही नायक लिलाव करणाराच आहे आणि मुलीकडचे गुंडच आहेत, त्यामुळे नातं सहज दिसतं. मला मात्र त्यात दिसते ती आपल्याकडची काळजी. नाना पाटेकर आणि अनिल कपूर बहिणीसाठी सभ्य घर शोधत फिरतात आणि कुणी दारात उभं करत नाही. दरारा सगळीकडे आणि सोयरीक कुठेच नाही, हे दुःख खरं आहे. शेवटी घर कड्यावर लोंबकळायला लागतं तिथे माझा रस संपला.

‘मिकी ब्लू आइज’मध्ये भिकार चित्राला एवढी बोली लागते आणि त्यातून काळ्याचा पांढरा पैसा होतो, हे डोक्यात शिरत नाही. समजावून सांगाल का? (बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये काम करणारा वाचक, तासगाव)

तुम्ही तर रोज सौदे बघता, मग सोपं आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात मी सव्वीस वर्षं हिशेब लिहिले. हळदीचा सौदा निघाला की व्यापारी ढिगातून एक हळकुंड उचलतो, कडकन मोडतो, त्याचा आवाज ऐकतो, आतला केशरी रंग उजेडाकडे धरून बघतो आणि मगच तोंडातून आकडा काढतो. दुसरा त्याच्यावर चढतो. भाव ठरतो तो त्या मोडलेल्या हळकुंडावर आणि दोन वेगवेगळ्या माणसांच्या गरजेवर. मी शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीवर लिहायची तो आकडा, त्यातून अडत, हमाली, तोलाई वजा.

आता सिनेमातलं बघा. टोळीच्या म्होरक्याचा मुलगा चित्रं काढतो. ती लिलावाला येतात. बोली लावणारा माणूस टोळीचाच, त्याच्या हातातला पैसाही टोळीचाच. लिलावघर आपलं कमिशन कापून उरलेली रक्कम रीतसर चित्रकाराला देतं. गुन्ह्याचा पैसा एका दाराने आत गेला आणि दुसऱ्या दाराने चित्राची किंमत म्हणून पावतीसकट बाहेर आला. चित्र वाईट असलं तरी बिघडत नाही, कारण ते बघून कुणी बोली लावतच नाही. हळकुंड न मोडता आकडा चढत गेला तर यार्डातलं शेंबडं पोरसुद्धा कान टवकारतं. मायकललाही कळतं, पण तोवर सासरकडची एक मदत त्याने घेतलेली असते. ती अगदी छोटी, बिनव्याजी वाटावी अशी.

ताई, सप्रेम नमस्कार. माझं लग्न ठरत आलंय. मुलगा सोनं गाळणाऱ्या गलाईवाल्यांच्या घरातला, वडिलांचं दुकान तमिळनाडूत. माझे थोरले चुलते व्याजाने पैसे फिरवतात, परवाना नाही, वसुलीला पोरं जातात. आमच्या घरात त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नाही. मुलाकडच्यांनी चौकशी केली तेव्हा ‘शेती आहे’ एवढंच सांगितलं गेलं. सिनेमा बघताना जीना नाही म्हणते तिथे मला रडू आलं. मी काय करू? (एक वाचक, विटा)

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, पोरी. इतरांच्या पत्रांना थांबवून ठेवलं, कारण तुझ्याकडे दिवस कमी आहेत.

जीनाचं मला सगळ्यात काय आवडतं सांगू? मागणी आल्यावर ती गप्प बसून अंगठी घालून घेत नाही. खरं बोलायला तिला उशीर होतो हे खरं, पण बोलते ती स्वतः आणि लग्नाआधी. तू तेच कर. त्या मुलाला तुझ्या तोंडून कळू दे. गलाईवाल्यांचा धंदा दुसऱ्याचं सोनं वितळवायचा. परमुलखात लोक त्यांच्या हाती सोनं देतात ते निव्वळ विश्वासावर. अशा घराला ही गोष्ट बाहेरून कळली, तर चुलत्यांच्या सावकारीपेक्षा तुमचं लपवणं त्यांना जास्त लागेल. शिवाय विनापरवाना सावकारी हा २०१४ च्या सावकारी कायद्याने गुन्हा आहे. उद्या तक्रार झाली तर ती चारचौघांत होईल, तुझ्या हळदीच्या आदल्या दिवशीही होऊ शकेल.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. चुलते लग्नात काही देऊ करतील. हॉल, जेवणावळ, जावयाला बुलेट. प्रेमाने देतील, त्याबद्दल मला शंका नाही. सिनेमातला सासरा फ्रँकसुद्धा जावयावर मनापासून जीव लावतो, गाडीत शेजारी बसवून त्याला टोळीवाल्यांसारखं बोलायला शिकवतो. तरीही घेऊ नका.

माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात जेवणाचा खर्च नात्यातल्या एका माणसाने उचलला होता. बुंदीची ताटं फिरत होती आणि वडील हात जोडून त्याच्यामागे हिंडत होते, ते मला अजून दिसतं. दोन वर्षांनी तो माणूस कागद घेऊन आला, जामीन म्हणून सही हवी होती. वडिलांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, कागद न वाचताच सही केली. वाचायला लागलो तर त्याला वाईट वाटेल, असं आईला म्हणाले. ते कर्ज आम्ही अकरा वर्षं फेडलं. हरिपूरजवळचं आमचं अर्धा एकर रान त्यात गेलं.

आपल्या भाषेत लग्न ठरलं की सुपारी फुटते आणि माणूस मारायचा ठरला तरी सुपारीच देतात. दोन्हीकडे अर्थ एकच, शब्द दिला, आता मागे फिरायचं नाही. म्हणून जे बोलायचं ते त्याआधी.

आईला विश्वासात घे, वडिलांना नंतर सांग. मुलाला घरी बोलावू नकोस, तिथे चुलते असतील. सांगलीला ये, दोघं हरिपूरला जा, संगमेश्वराचं दर्शन घ्या आणि मागे घाटावर बसा. कृष्णा-वारणेच्या संगमावर दुपारी फारसं कुणी नसतं. आधी चुलत्यांचं सांग, मग ‘त्यांच्याकडून आपण काही घ्यायचं नाही’ हे सांग, याच क्रमाने. तो उठून गेला तर तुला फार लागेल, मला माहीत आहे. तेव्हा मला पत्र लिही. आणि तो बसून राहिला, तर घरी विचारून नोंदणी पद्धतीच्या लग्नाचा विचार करा. त्याला तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, म्हणजे तारीख आत्ताच धरायला हवी.