बॅटवाले आबा

प्रश्न : ताई नमस्कार, मी इंदूरची, रामबागेत राहते. आईचे बाबा, आमचे आबा, गेल्या वर्षी गेले. तरुणपणी क्लबकडून खेळायचे, मिडियम पेसर, मग गुडघा गेला आणि त्यांनी राजवाड्याजवळ स्पोर्ट्सचं छोटं दुकान टाकलं, ते जवळजवळ चाळीस वर्षं चालवलं. आता वर्षश्राद्धाला त्यांच्याबद्दल चार शब्द मी बोलायचेत. मामा म्हणतो की तू त्यांच्या विकेटींचं सांग, दुकानाचं कशाला, ते काय पोटासाठी होतं. पण गल्लीत तर सगळे त्यांना "बॅटवाले आबा" म्हणूनच ओळखायचे ना! शिवाय दुकानात अकरा जुन्या बॅटी, एक लाकडी हातोडी आणि उधारीच्या वह्या पडल्यात, त्यांचं काय करू?

उत्तर : अगं, पोटासाठी म्हणजे काय, मामा नोकरी काय हवापालट म्हणून करतात का? त्यांना जॉन विस्डेनची गोष्ट सांग. ससेक्सचा बुटकासा बॉलर, 1850 मध्ये लॉर्ड्सवर नॉर्थ विरुद्ध साउथ मॅचमध्ये एका इनिंगला दहाच्या दहा विकेट घेतल्या आणि दहाही बोल्ड, म्हणजे ना कॅच ना एलबीडब्ल्यू, फिल्डर नुसते उभे! या माणसाने 1855 मध्ये, अजून खेळत होता तेव्हाच, लंडनला भागीदारीत दुकान उघडलं, क्रिकेटचं सामान आणि जोडीला सिगार. (सिगारचं मला फार आवडलं, आपल्याकडच्या दुकानात कॅरमच्या सोंगट्यांशेजारी राख्या असतात तसं.) 1863 ला खेळ सोडला आणि 1864 ला 112 पानांचं एक वार्षिक काढलं, त्यात क्रिकेटबरोबर इंग्लंडच्या कालव्यांची लांबी न् राजा पहिल्या चार्ल्सवरचा खटला असलंही काय काय भरलेलं. ते वार्षिक "विस्डेन" याच नावाने अजून दरवर्षी निघतं, पिवळ्या कव्हरचं. ते दहा बोल्ड किती जणांना माहीत असतात सांग बरं, नाव राहिलं ते दुकानदाराने काढलेल्या पुस्तकामुळे.

अमेरिकेत बेसबॉलवाला अल्बर्ट स्पाल्डिंग तसाच. 1876 ला शिकागोसाठी पिचर म्हणून, म्हणजे त्यांच्याकडचा बॉलरच, 47 मॅच जिंकल्या आणि त्याच वर्षी भावाला घेऊन सामानाचं दुकान काढलं. तेव्हा हातमोजा घालणं म्हणजे नाजूकपणा समजायचे, हा पुढच्या वर्षी स्वतःच मोजा घालून मैदानात उतरला, मग इतरांचीही लाज गेली आणि मोजे खपायला लागले. धंदा होताच, नाही कशाला म्हणू, पण बॉल हाताला कुठे लागतो ते त्याला गिऱ्हाइकाच्या आधी माहीत होतं, आणि तुझ्या आबांचंही तेच असणार बघ.

त्यात इंदूर म्हणजे सी. के. नायडू आणि मुश्ताक अली या जुन्या कसोटीवीरांचं गाव, होळकर टीमने चार वेळा रणजी जिंकलेली, त्या गावात पोराला चुकीच्या वजनाची बॅट विकून दुकान चाळीस वर्षं टिकत नाही. माल बहुतेक मेरठ-जालंधरचाच असेल, फाळणीनंतर सियालकोटचे कारागीर तिकडे आले ना, तेव्हापासून हा धंदा तिकडचाच. पण बॅट आली म्हणजे खेळायला तयार झाली असं नसतं, ती तासन् तास ठोकावी लागते, आधी हलक्या हाताने, मग कडांना जरा तिरकी, नाहीतर पहिल्याच यॉर्करला खाली चीर. ती हातोडी त्याचीच आहे, ती भंगारात दिलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही.

बॅटींचं म्हणशील तर पेटीत किंवा गच्चीवरच्या खोलीत ठेवू नकोस, मे महिन्यात लाकूड सुकून तडकतं. कच्चं अळशीचं तेल आण, सियागंजात विचार, चिंधीवर चमचाभर घेऊन पुढच्या बाजूला आणि कडांना पुसायचं, दांडा जिथे पात्यात बसवलाय त्या जोडाला अजिबात लावायचं नाही, गोंद सुटतो. मग रात्रभर आडवी ठेवायची. वरून प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असेल तर तिथे तेलाचा उपयोग नाही.

आणि भाषणाआधी वह्या वाच. उधारीच्या वहीत पोरांची नावं असतील, "ग्रिप 1, बाकी" असं काहीतरी, त्यातली बरीच नावं आज पन्नाशीची असतील आणि इंदुरातच असतील. दोघा-चौघांना वर्षश्राद्धाला बोलाव. बाकी मागू नकोस हं, आपणहून कोणी काढली तर मात्र घे.