शंका संगणकाच्या : पडद्यावरचा खोटा व्हायरस

प्रश्न : घरच्या संगणकावर खाली उजव्या कोपऱ्यात दर दहा-पंधरा मिनिटांनी चौकट येते : ‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले. मॅकॅफीची मुदत संपली, ताबडतोब नूतनीकरण करा.’ आमच्याकडे मॅकॅफी अँटिव्हायरस कधीच नव्हतं, क्विक हील आहे. ते दोनदा पूर्ण चालवलं, काहीच सापडलं नाही. दुरुस्तीवाला म्हणतो, फॉरमॅट मारावा लागेल.
– एक निवृत्त वाचक, कोथरूड

उत्तर : फॉरमॅट मारू नका आणि त्यासाठी पैसेही देऊ नका. क्विक हीलला काही सापडलं नाही, कारण ही चौकट व्हायरसने आणलेली नाही. ते ब्राउझरचं नोटिफिकेशन आहे आणि त्याची परवानगी घरातल्याच कुणीतरी नकळत दिलेली असते. फुकट सिनेमा, क्रिकेटचा सामना किंवा पीडीएफ देणाऱ्या काही साइटवर ‘तुम्ही रोबो नाही हे दाखवण्यासाठी अलाउ दाबा’ असं येतं. अलाउ दाबलं की त्या साइटला वाटेल तेव्हा निरोप धाडायची मुभा मिळते. मग साइट बंद केली तरी निरोप थांबत नाहीत. मॅकॅफीचं नाव आणि लाल ढाल हे नुसतं चित्र, त्या कंपनीचा याच्याशी काही संबंध नाही.

पुढच्या वेळी चौकट आली की क्लिक न करता नीट वाचा. बारीक अक्षरांत ‘गूगल क्रोम’ आणि एखाद्या अनोळखी साइटचा पत्ता दिसेल. तो कागदावर टिपून घ्या. मग क्रोममध्ये वर उजवीकडचे तीन ठिपके, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, असं आत जा. परवानगी दिलेल्या साइटची यादी तिथे असते. टिपलेला पत्ता शोधा, पुढचे तीन ठिपके दाबा आणि ‘ब्लॉक’ निवडा. तिथेच ‘रिमूव्ह’ही असतं, पण नुसतं रिमूव्ह केलं तर ती साइट पुन्हा परवानगी मागू शकते. ब्लॉक केल्यावर तो मार्ग बंद होतो. यादीत जीमेल, व्हॉट्सअ‍ॅप अशी तुमच्या वापरातली नावं असतील तर ठेवा, बाकी सगळी ब्लॉक करा. याच पानावर कोणत्याही साइटने परवानगी मागूच नये अशी सोय आहे. घरात कुणाला नोटिफिकेशन लागत नसेल तर तीच निवडा.

इतकं करूनही चौकट येत राहिली तर बहुतेक वेळा कारण एकच : परवानगी दुसऱ्याच ठिकाणी दिलेली असते. नातवाचं क्रोम प्रोफाइल वेगळं असेल तर त्याची यादीही वेगळी. एज आणि फायरफॉक्स या ब्राउझरांचंही तसंच, तिथेही सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्सची यादी मिळते. त्याच बैठकीत एक्स्टेन्शन्सचं (ब्राउझरला जोडलेल्या जादा सुविधांचं) पान उघडून ओळखीचं नसलेलं काढून टाका. आणि क्विक हीलची मुदत खरंच कधी संपते हे क्विक हील स्वतः उघडून पाहा. कोपऱ्यातल्या चौकटीवरून पैसे भरू नका.

प्रश्न : मुलीचा प्रोजेक्ट शोधताना अचानक सगळा पडदा निळा झाला, सायरन वाजायला लागला. ‘संगणक बंद करू नका, तुमची माहिती चोरली जात आहे, मायक्रोसॉफ्टला या नंबरवर फोन करा’ असं इंग्रजीत बोलत होतं. आमचा आयपी अ‍ॅड्रेस आणि गावही दाखवलं. बंदच होईना, शेवटी प्लग ओढला.
– एक वाचक, सिंहगड रोड

उत्तर : तेही एक वेबपानच, फक्त पूर्ण पडद्यावर पसरलेलं. आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, तुम्ही उघडलेल्या प्रत्येक साइटला दिसतोच आणि त्यावरून गावाचा अंदाज बांधता येतो. पुण्यात बसून तिथे ‘मुंबई’ वाचायला मिळतं ते त्यामुळेच. वेबपानाला तुमच्या डिस्कवरच्या फाइली तपासता येत नाहीत. भराभर वाढणारा व्हायरसचा आकडा त्या पानातच लिहून ठेवलेला असतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, एवढी एक खूण पुरे.

प्लग ओढायची गरज नाही. एस्केपची कळ दोन-तीन सेकंद दाबून धरा, पूर्ण पडदा सुटतो आणि टॅब बंद करता येतो. नाही सुटला तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, ब्राउझर निवडा, एंड टास्क करा. ब्राउझर पुन्हा उघडल्यावर ‘आधीची पानं परत आणू का’ असं विचारतो, तिथे नकार द्या. काहींच्या क्रोममध्ये आधीचे टॅब आपोआप उघडायची सेटिंग असते, मग तेच पान परत येतं. अशा वेळी आधी वायफाय बंद करा, मग क्रोम उघडून तो टॅब घालवा.

प्रश्न : अशाच नंबरवर माझ्या आईने फोन केला. त्या माणसाने एनीडेस्क (दुरून दुसऱ्याचा संगणक चालवू देणारा प्रोग्राम) टाकायला लावलं, काहीतरी लाल-पिवळ्या खुणा दाखवल्या आणि ४,९९९ रुपये घेतले. आज सकाळचीच गोष्ट आहे. आता काय करू?
– एक वाचक, निगडी

उत्तर : हे पत्राने विचारण्याइतका वेळ अशा प्रसंगात नसतो, म्हणून सगळ्यांसाठीच क्रम देतो. आधी राउटर बंद करा. नुसती एनीडेस्कची खिडकी मिटवून भागत नाही, कारण समोरच्याने पासवर्ड लावून ठेवला असेल तर तो विचारल्याशिवाय पुन्हा आत येऊ शकतो. मग दोन फोनवरून दोघांनी दोन कामं करावीत. एकाने बँकेला कळवून कार्ड आणि नेटबँकिंग बंद करायचं, दुसऱ्याने १९३० हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा नंबर लावायचा. रक्कम, वेळ, व्यवहाराचा क्रमांक आणि पैसे ज्या खात्यात किंवा यूपीआयवर गेले ते हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आले तरच मिळण्याची आशा असते, म्हणून इथे मिनिटं मोलाची. लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर करा. पोलीस ठाण्यात जाणार असाल तर निगडी पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येते, पुणे शहराच्या नाही.

बँकेकडून तक्रार क्रमांक आणि वेळ मागून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं.

आईंना दाखवलेल्या खुणा म्हणजे विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर, संगणकातल्या घडामोडींची नोंदवही. धडधाकट संगणकातही तिथे लाल-पिवळ्या नोंदी शेकड्यांनी असतात, त्यांचा व्हायरसशी काही संबंध नसतो. आता एनीडेस्क अनइन्स्टॉल करा, विंडोज सिक्युरिटीतून डिफेंडर या विंडोजच्याच अँटिव्हायरसचा ऑफलाइन स्कॅन चालवा. संगणक रीस्टार्ट होऊन साधारण १५ मिनिटं लागतात. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड मात्र फोनवरून बदला. काही दिवसांनी ‘रिफंड द्यायचा आहे’ म्हणून फोन येईल, तो त्याच टोळीचा समजा. आणि आईंवर रागावू नका. ओरडा खाल्लेलं माणूस पुढच्या वेळी तासभर लपवतं आणि तोच तास महागात पडतो.

प्रश्न : एका साइटवर कॅप्चा (तुम्ही रोबो नाही ना, याची तपासणी) आला, त्यात चौकोनावर टिक करण्याऐवजी विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर असं सांगितलं. मी केलं. काळी खिडकी क्षणभर चमकली, पुढे काहीच झालं नाही.
– एक विद्यार्थिनी, सदाशिव पेठ

उत्तर : झालं असण्याची शक्यता दाट आहे, म्हणून या महिन्यातलं हे पत्र आम्हाला सगळ्यांत गंभीर वाटतं. वरच्या पानांना संगणकात शिरता येत नाही, इथे मात्र आज्ञा तुमच्याच हाताने चालवून घेतली. त्या पानाने क्लिपबोर्डवर (कॉपी केलेला मजकूर जिथे तात्पुरता राहतो तिथे) एक ओळ गुपचूप ठेवली आणि तुम्ही ती विंडोज आणि आर दाबल्यावर उघडणाऱ्या रनच्या चौकटीत चिकटवून चालवली. अशा ओळी बहुधा ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड आणि लॉगिन चोरणारा प्रोग्राम उतरवतात. खरा कॅप्चा कधीही रनची चौकट उघडायला सांगत नाही.

इंटरनेट तोडा आणि वर सांगितलेला डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन करा. फोनवरून गूगल खात्यात जाऊन सगळ्या उपकरणांवरून साइन आउट व्हा आणि मगच पासवर्ड बदला. चोरलेलं लॉगिन चालू राहिलं तर नव्या पासवर्डनेही चोर बाहेर पडेलच असं नाही. बँकेचंही तसंच करा. स्कॅनमध्ये काही निघालं तर फाइलींची प्रत घेऊन विंडोज नव्याने टाका. फॉरमॅटचा खर्च इथे सार्थकी लागतो.

प्रश्न : ‘विंडोज १० चा सपोर्ट संपला’ असं येतं. तेही खोटंच ना?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : बातमी खरी आहे. सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारी नेहमीची अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पण ती सांगणारी चौकट खोटी असू शकते, म्हणून तिच्यावर क्लिक न करता सेटिंग्जमधलं विंडोज अपडेट स्वतः उघडा. सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून घेण्याची नोंदणी तिथेच मिळते, तुमचं यंत्र विंडोज ११ ला चालतं का हेही तिथेच कळतं. डिफेंडरच्या व्हायरस-याद्या विंडोज १० वर ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहतील, पण विंडोजमधली भोकं त्या बुजवत नाहीत. त्यामुळे या यंत्रावर बँकेचे व्यवहार करत असाल तर नोंदणी याच आठवड्यात उरका.